मामाचे पानेतर : विवाहवस्त्राची निवड आणि एक लहानसा नियम

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते, साधु-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो आणि समाजातील घराघरांतून लग्नाच्या याद्या निघू लागतात. मांडव, जेवण, निमंत्रणे, अहेर अशा अनेक गोष्टी त्या यादीत असतात. परंतु घरातील स्त्रियांच्या दृष्टीने यादीचा पहिला मान वधूच्या वस्त्राला असतो. कोठे त्याला पानेतर आणि घरचोळे म्हणतात, कोठे पोशाख आणि चुनडी, तर दक्षिण महाराष्ट्रातील घरांत शालू. नावे निराळी, पण भावना एकच. हे वस्त्र एका दिवसासाठी नेसले जाते आणि पुढे आयुष्यभर जपले जाते.

नाशिक जिल्ह्यातील एका जैन कापडव्यापारी घरात याच वस्त्रावरून गेल्या हंगामात एक प्रश्न उभा राहिला. कुटुंब मूळचे सौराष्ट्राचे. तीन पिढ्यांपूर्वी व्यापारानिमित्त येथे आले आणि येथलेच झाले. घरात गुजराती, दुकानात मराठी. दुकानाची ख्याती पैठणी, शालू आणि घरचोळ्यांसाठी. पंचक्रोशीतील कितीतरी मुलींची लग्नाची साडी त्याच गादीवर उलगडली गेली होती. त्यामुळे घरातील नातीचे लग्न ठरले तेव्हा दादाजींनी दुकानातील उत्तमोत्तम पेटाऱ्यांची झाकणे स्वतःच्या हाताने उघडली.

नातीने एकेक साडी हाताळली, तिचे कौतुक केले आणि शेवटी हात जोडून म्हणाली, "दादाजी, हे सारे फार सुंदर आहे. पण पर्युषणात मी रेशमाचा नियम घेतला आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे."

"तो नियम रोजच्या वापरापुरता असेल, असे आम्ही समजलो होतो, बेटा. लग्न काही पुन्हा पुन्हा होत नाही."

"म्हणूनच विचारते, दादाजी. ज्या दिवशी आयुष्यभराचा शब्द द्यायचा, त्याच दिवशी चार महिन्यांपूर्वी दिलेला शब्द मोडायचा का?"

गादीवर क्षणभर शांतता पसरली. प्रश्न साधा होता. परंतु तो जेथे विचारला गेला, त्या घराचा तीन पिढ्यांचा प्रपंच रेशमावर चालला होता.

धाग्यामागचा जीव

रेशीम किड्यापासून होते, हे सर्वांनाच ठाऊक असते. कसे होते, याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. तुतीच्या पाल्यावर वाढलेली अळी पूर्ण वाढ झाल्यावर आपल्या भोवती एकसंध धाग्याचा कोष विणते. एका कोषातील हा अखंड धागा शेकडो मीटर लांब असतो. चांगल्या कोषात तो हजार मीटरच्याही पुढे जातो. आत अळीचे रूपांतर होऊन काही दिवसांत पतंग तयार होतो आणि एक द्राव सोडून, कोष भिजवून बाहेर पडतो. तो बाहेर पडला की धागा अनेक ठिकाणी तुटतो आणि सलग उलगडता येत नाही. म्हणून पतंग बाहेर येण्यापूर्वीच वाफेने किंवा गरम हवेने कोषातील जीव मारला जातो आणि नंतर गरम पाण्यात कोष सोडून धागा ओढला जातो. रेशमाची झळाळी या अखंड धाग्यामुळे खुलते. अर्धा-पाऊण किलो वजनाच्या भरजरी साडीमागे अशा कोषांची संख्या हजारांत जाते.

श्रावकाच्या आचारधर्मात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत : आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. स्वयंपाक, घरबांधणी यांतील हिंसा आरंभी, उपजीविकेच्या कामातील उद्योगी, स्वसंरक्षणातील विरोधी. गृहस्थाला या तीन पूर्णपणे टाळता येत नाहीत. त्या विवेकाने कमी करणे एवढेच त्याच्या हाती असते. जाणूनबुजून केलेल्या त्रस जीवाच्या संकल्पी हिंसेचा त्याग मात्र त्याच्या अहिंसाणुव्रताचा पाया आहे. रेशमाची साडी नेसणारी स्त्री स्वतः कोष उकळत नाही, हे खरे. परंतु कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि केलेल्याला संमती देणे, या तिन्ही वाटांनी कर्माचा विचार करण्याची शिकवण पाठशाळेतील लहान मुलालाही दिलेली असते. नातीने दादाजींसमोर हेच मांडले. तिच्या बोलण्यात वादाचा सूर नव्हता. दादाजींनी ते ऐकले आणि त्या दिवसापुरते पेटारे बंद केले.

दोन मधले मार्ग

घरातील मोठ्यांनी मध्यम मार्ग शोधण्याचा प्रयत्न केला, आणि तो स्वाभाविकच होता.

पहिला मार्ग होता 'अहिंसक रेशमा'चा. हैदराबादच्या हातमाग क्षेत्रात काम केलेले कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडू देऊन, उरलेल्या कोषाचे तुटके तंतू कापसाप्रमाणे कातून वस्त्र विणण्याची पद्धत पुढे आणली. हे वस्त्र मऊ आणि टिकाऊ असते. त्याची झळाळी काहीशी मंद आणि किंमत अधिक असते. रेशमाशिवाय ज्यांना चालतच नाही, त्यांच्यासाठी हा निःसंशय बरा पर्याय आहे. तथापि त्याही मागे एक प्रश्न उरतो. हजारो पिढ्यांच्या पाळीव संगोपनामुळे तुतीच्या रेशमाच्या पतंगाला उडता येत नाही. त्याला खाताही येत नाही. तो काही दिवसच जगतो आणि मादी एका वेळी तीनशे-चारशे अंडी घालते. त्या सर्व अळ्यांना पुरेल इतका तुतीचा पाला कोणाही संगोपकाकडे नसतो. ईशान्येकडील एरी रेशमाचा कोष एका बाजूने उघडा असतो, म्हणून त्याला अनेकदा निर्दोष मानले जाते. परंतु तेथे कोषातील किडा अन्न म्हणून खाण्याचीही प्रथा आहे. तेव्हा नुसत्या 'एरी' या नावावर विसंबून चालत नाही. प्रत्येक मालाची चौकशी करावी लागते.

दुसरा मार्ग अधिक भावनेचा होता. आईच्या पेटीत तिचे स्वतःचे पानेतर मलमलीच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले होते. गज्जी रेशमाचा पांढरा पोत, लाल काठ, पदरावर बांधणीचे बारीक ठिपके. आईचे म्हणणे असे, की ही साडी आहेच. ती नेसल्याने नवा एकही कोष उकळला जाणार नाही. या युक्तिवादात तथ्य होते आणि कित्येक विचारी घरे जुन्या रेशमाविषयी हाच निर्णय घेतात. मुलीने दोन दिवस विचार केला. मग ती आईला म्हणाली, "आई, तुझे पानेतर मला हवेच आहे. पण मांडवात मी रेशीम नेसलेली दिसले, की माझ्या मागून येणाऱ्या बहिणींना तेच हवेसे वाटेल. ते जुने आहे, हे बघणाऱ्याला कसे कळणार?" आईने ती घडी पुन्हा पेटीत ठेवली. तिला वाईट वाटले, आणि तिने ते लपवलेही नाही.

मामाचा मान

खरी अडचण पुढेच होती. गुजराती घरांत पानेतर येते ते मामाकडून. मामेरात मामा जे घेऊन येतो, ते बहिणीच्या सासरी सर्वांसमोर उघडले जाते आणि त्यावरून माहेरची पत ठरते, निदान तसे मानले जाते. मामांनी जामनगरला रेशमी पानेतराची मागणी नोंदवून आगाऊ रक्कमही दिली होती. भाचीचा निरोप गेला तेव्हा ते दुखावले.

"बहिणीच्या दारी मी सुती कापड घेऊन उभा राहू?" ते म्हणाले. "चार लोक म्हणतील, एकुलती भाची आणि मामाने हात आखडता घेतला."

भाची निरोपावर थांबली नाही. आईला घेऊन स्वतः मामांच्या घरी गेली. तिने नियमाची गोष्ट सांगितली आणि म्हणाली, "मामा, पानेतर तुमच्याच हातचे हवे. तुम्ही द्याल त्या सुताचे मी नेसेन. फक्त ते रेशमाचे नसावे, एवढीच माझी विनंती आहे."

तोडगा काढला तो मामींनी. त्यांचे माहेर जामनगरचे. हातमागाच्या बारीक सुतावर, नखाने चिमटीत धरून बांधलेल्या बारीक गाठींची बांधणी काही स्वस्त नसते, हे त्यांना ठाऊक होते. बांधणीची किंमत कापडापेक्षा गाठींत असते. गाठ जितकी लहान आणि जितकी दाट, तितके बांधणाऱ्या बायांचे दिवस अधिक. हे काम कच्छ-सौराष्ट्रात मुख्यत्वे स्त्रियाच घरी बसून करतात. "मोल दाखवायचे असेल तर हाताच्या कामाचे दाखवा," मामी म्हणाल्या. आईच्या जुन्या पानेतराचे छायाचित्र जामनगरला धाडले गेले. त्याच्या काठाची वेल आणि पदरावरचे ठिपके नव्या सुती कापडावर उतरवायचे ठरले. आगाऊ रक्कम त्याच व्यापाऱ्याने नव्या मागणीत वळती करून घेतली. रेशमाच्या आणि सुताच्या किमतीत जो फरक उरला, तो मामांनी भाचीच्या नावे पांजरापोळात जीवदयेसाठी लिहून दिला. मामेरात त्या पावतीचीही घडी ठेवली गेली.

घरचोळ्याचे जुने रूप

घरचोळे येते सासरकडून. लाल किंवा हिरव्या कापडावर जरीच्या उभ्या-आडव्या रेघांनी चौकटी पाडलेल्या असतात आणि प्रत्येक चौकटीत बांधणीची नक्षी असते. चौकटींच्या संख्येवरून त्याला 'बार बाग' किंवा 'बावन बाग' म्हणतात. म्हणजे बारा अथवा बावन्न बागांचे वस्त्र. 2024 मध्ये गुजरातच्या घरचोळ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आज बाजारात रेशमी घरचोळी अधिक दिसत असली, तरी सुतावरचे घरचोळे ही काही नवी तडजोड नाही. सुती पोतावर जरीच्या चौकटी हे त्याचे परंपरेतलेच रूप आहे.

भावी सासूबाईंना ही गोष्ट फोनवर सांगण्यात आली. त्या दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, की त्यांच्या स्वतःच्या सासूबाईंचे घरचोळे सुतीच होते, ते अजून घरात आहे आणि सुनेला त्याच धर्तीचे करून देण्यात त्यांना आनंद वाटेल.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे, कारण तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. अस्सल जरी म्हणजे सोन्याचे पाणी दिलेली चांदीची तार. आणि ती तार परंपरेने रेशमी धाग्यावर गुंडाळलेली असते. म्हणजे पोत पूर्ण सुती असला तरी जरीच्या पोटात रेशीम असू शकते. नियम काटेकोर पाळणाऱ्यांनी सुती किंवा कृत्रिम धाग्यावर गुंडाळलेली जरी आहे का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. या घरानेही तसेच विचारले आणि चौकटींसाठी सुती पोटाच्या जरीची निवड केली.

नाव आणि वस्तू

रेशीम टाळायचे ठरवले, तरी बाजारात नावांचा गोंधळ फार. 'आर्ट सिल्क' म्हणजे कृत्रिम रेशीम. ते बहुधा व्हिस्कोसचे, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या धाग्याचे असते. 'सेमी सिल्क' या नावाखाली काहीही मिळते. महेश्वरी आणि चंदेरी साड्या हलक्या असल्याने अनेकांना सुती वाटतात. पण त्यांपैकी बऱ्याच साड्यांत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. हिमरू आणि मशरू या कापडांतही सुताबरोबर रेशीम येते. इरकलीचे अंग सुती असले, तरी काठ आणि पदर कशाचे आहेत, हे पाहावे लागते. म्हणून दुकानात तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत : ताणा कशाचा, बाणा कशाचा, काठ-पदर आणि जरी कशाची.

शंका आल्यास पदराच्या टोकाचा एक धागा जाळून पाहण्याची जुनी रीत अजूनही उपयोगी आहे. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडली जाते. सूत आणि व्हिस्कोस कागदासारखे जळतात. राख हलकी आणि करडी असते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याचा कठीण मणी बनतो. 2004 पासून केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 'सिल्क मार्क'चे लेबल शुद्ध रेशमावर लावले जाते. ज्यांना रेशीम हवे त्यांच्यासाठी ते खात्रीचे चिन्ह आहे. ज्यांना नको त्यांच्यासाठी तेच चिन्ह सावधानतेची खूण ठरते.

पॉलिएस्टरविषयी आणखी एक इशारा आवश्यक आहे. स्वस्त, चमकदार आणि किड्याविरहित म्हणून अनेक जण तेच निवडतात. परंतु फेऱ्यांच्या वेळी वधू अग्नीच्या अगदी जवळ असते. पॉलिएस्टरवर ठिणगी पडली तर ते वितळून त्वचेला चिकटते. सूतही चटकन पेट घेते. म्हणून वस्त्र कोणतेही असो, पदर खांद्याला आणि कमरेला नीट टाचलेला असावा, ओढणीचे टोक मोकळे लोंबू देऊ नये आणि जवळ पाण्याचा तांब्या ठेवावा.

वस्त्राबरोबरचे अलंकारही याच नजरेने पाहता येतात. लाखेच्या बांगड्यांतील लाख हा किड्यांचाच स्राव असतो. काचेच्या बांगड्या तितक्याच शोभतात. मोजडी चामड्याऐवजी कापडाची किंवा रेग्झिनची घेता येते.

माप, शिलाई आणि माया

वस्त्र निवडले म्हणजे काम संपत नाही. सुती वस्त्राचे खरे सौंदर्य ते अंगावर नीट बसण्यात आहे. रेशमाप्रमाणे ते आपल्या वजनाने खाली उतरत नाही. निऱ्या फुगू शकतात. म्हणून परकर कमरेला घट्ट आणि खाली बेताच्या घेराचा असावा. साडीला हलकी खळ देऊन, निऱ्या आदल्या दिवशी इस्त्रीने बसवून ठेवल्यास त्या दिवसभर टिकतात.

बांधणीचे कापड गाठी सोडल्यावरही चुणीदार राहते. इस्त्री केली की त्याची लांबी-रुंदी वाढते आणि चुण्यांची शोभा जाते. तेव्हा फॉल लावण्यापूर्वी कापड चुणीसह नेसायचे की सपाट करून, हे ठरवावे आणि मग उंची मोजावी. पांढऱ्या पोताला लाल काठ असला, की रंग उतरण्याचे भय असते. काठाच्या आतल्या कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल काही वेळ दाबून पाहावा. रुमालावर रंग आला, तर घामानेही तो पोतावर येईल हे निश्चित, आणि तसे असल्यास साडी रंगाऱ्याकडे परत पाठवावी. या मुलीच्या पानेतराची ही परीक्षा दोनदा झाली. पहिल्या वेळी रुमालावर फिकट गुलाबी छटा आली. साडी जामनगरला परत गेली आणि रंग धुऊन पक्का होऊन अठरा दिवसांनी परत आली. वेळ हाती ठेवून काम सुरू केले होते, म्हणूनच हे जमले.

सुती फॉल आधी पाण्यातून काढून वाळवावा. अन्यथा पहिल्या धुण्यात तो आटतो आणि साडीची कड गोळा होते. ब्लाऊजचे कापड आणि अस्तर, दोन्ही कापण्यापूर्वी भिजवून घ्यावीत. साडीची उंची ठरवताना लग्नात जी मोजडी घालायची तीच पायात असावी. अर्ध्या इंचाचा फरकही चालताना जाणवतो.

ब्लाऊजचे माप एकदा घेऊन पुरत नाही. समाजातील मुली लग्नापूर्वी अनेकदा आयंबिलाची ओळी किंवा अठ्ठाई करतात; तपानंतर अंग उतरते आणि पारण्यानंतर पुन्हा भरते. म्हणून पहिले माप महिनाभर आधी, कच्ची शिलाई घालून पाहणे पंधरा दिवस आधी आणि शेवटची दुरुस्ती आठवड्यापूर्वी, असा क्रम ठेवावा. कच्च्या शिलाईच्या वेळी मुलीने आरशासमोर नुसते उभे राहू नये. वरमाला घालण्यासाठी दोन्ही हात वर करून पाहावेत, मांडी घालून बसावे, मोठ्यांच्या पाया पडण्यासाठी वाकून पाहावे. मुंढ्याला काच बसत असेल, तर तो त्याच वेळी सैल करून घ्यावा. लग्नाच्या दिवशी त्याचा उपाय नसतो. ज्या घरांत पानेतरावर घरचोळे ओढणीसारखे घेण्याची रीत आहे, त्यांनी तेही डोक्यावरून घेऊन, टाचण्या कोठे लागतात हे याच वेळी पाहावे. जरीच्या चौकटींचे वजन चार तास केसांवर राहणार असते.

शिंपी शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतो, त्याला मराठीत 'माया' म्हणतात. लग्नाच्या ब्लाऊजला दोन्ही बाजूंनी किमान इंचभर माया ठेवायला सांगावे. या घरातील शिंपीकाका हे न सांगताच करीत आले होते. माप घेताना आई त्यांना म्हणाली, की तिचा स्वतःचा लग्नाचा ब्लाऊज तीन वेळा उसवून मोठा केला आणि पंचवीस वर्षे वापरला. शिंपीकाका म्हणाले, "वहिनी, माया होती म्हणून टिकला."

रंगाविषयीही एक व्यवहारी सूचना. रात्रिभोजनत्यागामुळे आपल्याकडे पुष्कळ लग्ने दिवसा लागतात. दिवसाच्या लग्नाचे कापड दुकानातील दिव्यांखाली निवडू नये. ते दारात, उन्हाच्या उजेडात नेऊन पाहावे. सुताचा लाल रंग उन्हात खुलतो, आणि त्याची खरी परीक्षा तेथेच होते.

गादीवरचा विचार

मुलीचे वस्त्र ठरले. दादाजींचा प्रश्न मात्र तेथेच राहिला. दुकानातील पैठणीमागे येवल्याच्या विणकरांची चूल होती. ती एका दिवसात विझवणे हीदेखील दया नव्हे, हे त्यांना कळत होते. त्यांनी काही आठवडे विचार केला आणि तीन गोष्टी ठरवल्या.

पहिली, घरातील कोणत्याही मंगलकार्यात नवे रेशीम विकत घ्यायचे नाही. दुसरी, ज्या विणकरांशी जुना व्यवहार आहे, त्यांना उत्तम बारीक सूत देऊन सुती पैठणीची मागणी नोंदवायची आणि मजुरी रेशमी कामाइतकीच द्यायची. पैठणीचे मोर, पोपट आणि वेलबुट्ट्या विणकराच्या बोटांतून उतरतात. ती कला सुतावरही चालते, फक्त वेळ आणि डोळा तितकाच लागतो. तिसरी, दुकानातील प्रत्येक साडीवर ताणा, बाणा आणि जरी कशाची आहे, हे मराठीत लिहिलेली चिठ्ठी लावायची. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपक-व्यवहार' सांगितला आहे. म्हणजे एका वस्तूच्या नावाने तिच्यासारखी दिसणारी दुसरी वस्तू विकणे. कृत्रिम रेशीम 'सिल्क' म्हणून खपवणे हा त्याचाच प्रकार. दादाजींच्या दुकानात तसे कधी झाले नव्हते. परंतु ग्राहकाने विचारल्याशिवाय सांगायचे नाही, ही सवय होती, आणि ती त्यांनी मोडली.

चिठ्ठ्या लागल्यावर काही ग्राहक बिचकले. एका ग्राहकाने अर्धी-सुती निघालेली साडी परत ठेवली. काहींनी मात्र चिठ्ठी वाचून सुती पैठणी मागितली. नफ्या-तोट्याचा हिशेब वर्षाअखेरीस मांडला जाईल. दादाजींनी घाई केलेली नाही.

माघातल्या एका सकाळी लग्न लागले. मामा ताट घेऊन दारात आले तेव्हा पाहुण्यांतील एका वृद्ध आत्याबाईंनी पानेतराचा पदर बोटांनी चाचपून पाहिला आणि विचारले, "हे सूत आहे का?" मामा म्हणाले, "सूत आहे, आत्याबाई. आणि गाठी जामनगरच्या बायांनी हाताने बांधल्या आहेत." आत्याबाईंनी पदर डोळ्यांजवळ नेला, ठिपके मोजायचा थोडा प्रयत्न केला आणि मग तो वधूच्या खांद्यावर नीट बसवून दिला.

संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपल्यावर, आईने ते पानेतर घडी घालून मलमलीच्या फडक्यात गुंडाळले आणि मुलीच्या पेटीत, ब्लाऊजच्या खाली ठेवले. धाकटी चुलतबहीण जवळच उभी होती. तिने विचारले, "काकू, माझ्या वेळी मामा असेच आणतील ना?"